येतंय म्हणान गेलो

"तो आला की गेला? दोन्हीतलं एक काहीतरी सांगा."

हॉल्डनसाहेबांचं हे वाक्य मी मराठीत केलं आणि वत्सला कुबलकडे पाहिलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. खोलीत आम्ही चौघंच होतो. निकाल देणारे हॉल्डनसाहेब, वत्सला, तिचा त्या वेळचा वकील (हा सकाळपासून वहीत चौकोन काढत होता) आणि मी, दुभाषी. सतरा वर्षांपूर्वीची, टोरांटोतल्या एका सरकारी इमारतीतली ही गोष्ट. वत्सलाने या देशाकडे आसरा मागितला होता. गावी परत गेले तर मला मारतील, असं तिचं म्हणणं, आणि ते खरं की खोटं हे हॉल्डनसाहेब ठरवणार होते.

"गेलो," वत्सला म्हणाली. "येतंय म्हणान गेलो."

मी इंग्रजीत सांगितलं, "तो गेला. 'मी येतो आहे' असं म्हणून गेला."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "येतो आहे? म्हणजे त्याने फोन केला होता?"

"फोन कशाक करतलो?" वत्सला म्हणाली. "माझ्याच खळ्यात, अंगणात बसललो."

"मग येत कुठून होता?"

"येत नाय, जात होतो!"

"बरं. त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणतलंय? मी म्हटलंय, ये."

"मी म्हणाले, ये," मी सांगितलं.

"म्हणजे तुम्ही त्याला बोलावलंत. मग तो आला?"

"नाय. अजून वाट बघतंय."

"नाही. मी अजून वाट बघते आहे," मी सांगितलं, आणि साहेबांनी ते लिहून घेतलं.

इथे मराठी वाचक कपाळाला हात लावेल. लावावाच. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की उंबऱ्यावर उभा राहून माणूस 'येतो' म्हणाला म्हणजे तो निघाला, आणि आतला माणूस 'ये' म्हणाला म्हणजे निरोप दिला. मग मी, पुण्यात वाढलेली, मराठीची एमए झालेली चारुशीला रिसबूड, तोंडात गुळणी धरून का बसले होते? तर त्याला कारण होतं, आणि ते कारण होतं नारळ.

झालं असं, की त्याच सकाळी वत्सलाने अंगणवाडीतल्या नोकरीची हकीगत सांगितली होती. आंबवेळ हे तिचं गाव, दक्षिण कोकणातलं, किनाऱ्यावरचं. तिथे एका कंपनीला मोठी जेटी बांधायची होती आणि कोळ्यांना ती नको होती. किनारा बचाव समिती निघाली. नारायण मेथर समितीचा सेक्रेटरी, आणि बायकांना गोळा करायचं काम वत्सलाचं. कंपनीच्या मागे तालुक्याचा पुढारी होता. समितीच्या अर्जावर वत्सलाची सही दिसली आणि तिची नोकरी गेली. ती म्हणाली, "माका नारळ दिल्यानी." मी आगाऊपणाने सांगून बसले, "शब्दशः त्यांनी तिला नारळ दिला, पण आमच्याकडे त्याचा अर्थ कामावरून काढलं असा होतो."

हॉल्डनसाहेबांनी लिहिणं थांबवलं. मग म्हणाले, "मॅडम, तिने नारळ म्हटलं की नोकरी म्हटलं?"

"नारळ. पण..."

"पण नको. तुम्ही नळी आहात. एका टोकाने शब्द आत, दुसऱ्या टोकाने शब्द बाहेर. अर्थ लावणं माझं काम आहे. पुन्हा असं झालं तर मी तुमच्याबद्दल वर कळवीन."

मला या देशात येऊन तीन वर्षं झाली होती आणि हे काम मोठ्या मिनतवारीने मिळालं होतं. अपमान झाला की माझे कान गरम होतात आणि डोकं बंद पडतं. मी ठरवलं, नळी तर नळी. त्यामुळे दुपारी 'येतंय' आलं तेव्हा नळीने ते जसंच्या तसं पुढे ढकललं. चूक होती का? अजूनही सांगता येत नाही. शब्दाला शब्द बरोबर होता.

पाच आठवड्यांनी वत्सलाचा अर्ज फेटाळला गेला. निकालपत्रात लिहिलं होतं की नारायण मेथर शेवटचा कधी आणि कसा दिसला याबद्दल अर्जदार बाई क्षणाक्षणाला जबाब बदलतात. आधी तो त्यांच्या घरून चार वाजता निघाला म्हणतात, मग तो येत होता म्हणतात, मग आपणच त्याला बोलावलं म्हणतात. शिवाय त्या अजून त्याची वाट बघतात, म्हणजे त्याचं काही बरंवाईट झालं असेल असं खुद्द त्यांनाच वाटत नाही. सबब भीती खरी नाही.

नारायण मेथर वत्सलाकडून निघाला त्या दिवसानंतर कोणालाही दिसला नव्हता. आठवड्याभराने वत्सलाच्या दारावर कोणीतरी तांबड्या रंगाने 'आता तू' असं लिहिलं. तक्रार द्यायला गेली तर पोलिसांनी तिलाच दिवसभर बसवून ठेवलं. भाचीचं बाळंतपण करायच्या निमित्ताने ती टोरांटोला आली आणि इथेच थांबली. हे सगळं तिने सांगितलं होतं, मी इंग्रजीत केलं होतं, आणि ते सगळं एका 'येतंय'खाली गाडलं गेलं होतं.

मला हे कळलं ते शिवनेसन वकीलबाईंकडून. वत्सलाच्या भाचीने चौकोनवाल्या वकिलाला नारळ देऊन (इथे मला अर्थ सांगायची गरज नाही) यांना गाठलं होतं. एका बेकरीच्या वर त्यांचं ऑफिस. जाफनाकडच्या तमिळ, पन्नाशीच्या, आवाज असा की खालच्या बेकरीतल्या माणसांनी वर बघावं. त्यांनी मला बोलावून घेतलं, सुनावणीची सीडी लावली आणि नेमक्या जागी थांबवली.

"मला तुमची भाषा येत नाही," त्या म्हणाल्या. "पण आमच्यात घरून निघताना 'जाऊन येतो' म्हणतात. नुसतं 'जातो' म्हटलं तर माझी आई चप्पल फेकून मारायची. तुमच्यातही तसंच असणार. आहे ना?"

"आहे."

"मग बोलला का नाहीत?"

मी नारळाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"ऐका. आता आपण वरच्या कोर्टात जाणार. तिथले न्यायाधीश तिला आसरा देणार नाहीत, तो त्यांचा प्रांत नाही. ते एवढंच बघणार की खाली तिचं म्हणणं नीट ऐकलं गेलं का. नसेल, तर नव्या माणसापुढे सगळं पुन्हा. पण हरलो तर महिन्याभरात तिला विमानात बसवतील. भाषांतराची चूक दाखवणं हा एकच रस्ता आहे. म्हणून तुमचं प्रतिज्ञापत्र हवं." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "तुम्ही पुण्याच्या. ती मालवणी बोलते. तुम्हाला तिची बोली समजली नाही, असं लिहा. सरळ आहे, आणि न्यायाधीशाला पटण्यासारखं आहे."

"पण मला समजली होती."

"सगळी?"

"हा शब्द तरी समजला होता."

शिवनेसनबाईंनी कागदावर बोट ठेवलं. "समजूनही गप्प बसलात असं लिहिलंत, तर सरकारी वकील म्हणेल की भाषांतर अचूक होतं, दुभाषीही सक्षम होती, मग तक्रार कसली? खोटं लिहा असं मी कधीच सांगणार नाही. फक्त एकदा नीट आठवून बघा, की खरंच समजलं होतं का."

मी घरी गेले आणि आठवत बसले. जितकं आठवायला जावं तितकं गढूळ होत गेलं. समजलं होतं का? की समजलं होतं असं मला आता वाटतं? खरं सांगितलं तर ती बुडेल, खोटं सांगितलं तर ती तरेल. लहानपणापासून याच्या उलट शिकले होते. आईला फोन केला, तर ती म्हणाली, "तू कशाला त्या लष्कराच्या भाकरी भाजतेस? सही कर आणि मोकळी हो." कोणत्या कागदावर सही, हे तिला विचारायचं राहूनच गेलं.

दोन दिवसांनी पुन्हा ऑफिसात गेले. वत्सला आली होती. निळा स्वेटर, खाली नऊवारी, पायात भाचीचे बूट. तिच्याही प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार होता आणि तो तिला वाचून दाखवायला मी होते, कारण दुसरं कोण होतं? शिवनेसनबाई फोनवर बोलायला बाहेरच्या खोलीत गेल्या.

मी वाचायला लागले. "'येतंय' हा शब्द निघताना म्हणण्याची केवळ एक पद्धत आहे. त्याचा अर्थ 'मी जातो' एवढाच होतो. तो परत येणार आहे असा त्याचा अर्थ नव्हता, आणि मलाही तसं वाटलं नव्हतं."

"थांब, बाय," वत्सला म्हणाली. "ह्या कोणी लिवलां?"

"वकीलबाईंनी. तुमच्या भल्यासाठीच आहे, वत्सलाताई. नुसतं एवढं म्हणायचं, की येतंय म्हणजे जातो."

"तसा कसा म्हणतलंय? तो येतंय म्हणालो."

"हो, पण ते आपण सगळेच म्हणतो ना. रीत असते ती."

"तू बरोबरच सांगलंस साहेबाक. तुझा काय चुकलां नाय."

मला हसावं की रडावं ते कळेना. ज्या चुकीने हिचा घात केला ती चूक नव्हतीच, असं हीच मला समजावत होती.

"ताई, तुम्ही यावर सही केली नाही तर तुम्हाला परत पाठवतील. जिवावरचं आहे हे."

"म्हणजे तो येवचो नाय, असा मी लिवन देवचा?"

मी मसुद्यातली ती ओळ पुन्हा वाचली. बाहेरच्या खोलीत शिवनेसनबाईंचा तमिळ आवाज चढला होता. वत्सला टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"माझो घोव गेलो तेव्हा काय सांगूक नाय. पहाटे होडी काढल्यान नि गेलो. मी तीस वर्साची. मागसून ह्यो नारायण यायला लागलो. रोज दुपारचो. खळ्यात बसायचो, चाय पियायचो, चार वाजले की उठायचो. जाताना म्हणायचो, येतंय. मी म्हणायचंय, ये. पंधरा वर्सा. दुसऱ्या दिसाक येयचो. एक दीस चुकलो नाय, बाय. पावसात पण नाय."

सुनावणीआधी भरलेल्या आसऱ्याच्या फॉर्मवर एक रकाना होता. नारायण मेथर यांच्याशी आपलं नातं काय? तिथे मीच तिच्या सांगण्यावरून लिहिलं होतं, 'काही नाही. समितीचे सेक्रेटरी.' सुनावणीत सहा तास ती त्याला 'सेक्रेटरी' म्हणत होती. आत्ता ती पहिल्यांदा 'नारायण' म्हणाली.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी इचारलां?" ती म्हणाली. "नि काय सांगू? त्या रकान्यात काय लिवतलंस? गावात पण कोणी कधी इचारूक नाय. समाजणारे समाजत होते."

मग ती म्हणाली, "घोव न सांगता गेलो. ह्यो येतंय म्हणान गेलो. दोन्ही सारख्या असा माझ्याकडसून लिवन घेव नको."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. तिनेच मला पदराचं टोक पुढे केलं.

शिवनेसनबाई परत आल्या. "झाली का सही?"

दुभाष्याने ऐकलेलं सगळं सांगायचं असतं, तसा नियमच आहे. पण हे सांगितलं असतं तर त्या रकान्यातलं 'काही नाही' खोटं ठरलं असतं आणि हॉल्डनसाहेबांचा 'जबाब बदलतात' हा ठपका खरा ठरला असता. की नसता? मला काही सुधरेना. मी एवढंच म्हणाले, "मसुदा चुकला आहे. त्या शब्दाचा अर्थ 'जातो' असा नाही होत."

"परवा तुम्हीच म्हणालात की होतो!"

"होतो आणि नाही होत. मला कागद द्या, मी लिहिते."

मी तिथेच बसून लिहिलं. इंग्रजीत होतं, पण मराठीत साधारण असं: 'आमच्यात निघणारा माणूस जातो म्हणत नाही, ते अशुभ मानतात. तो येतो म्हणतो आणि घरचा माणूस ये म्हणतो. त्यात तो निघाला हेही असतं आणि परत यायचं त्याच्या मनात आहे हेही असतं. यातलं एक काढून घेतलं तर दुसरं उरत नाही. हे मला बोलायला लागल्यापासून माहीत आहे. सुनावणीच्या दिवशीही माहीत होतं. समोरच्यांना कळलेलं नाही हे दिसत असूनही मी सांगितलं नाही, कारण अर्थ सांगायचा नाही असं मला त्याच सकाळी बजावण्यात आलं होतं.'

शिवनेसनबाईंनी ते दोनदा वाचलं. "याने आपण हरूही शकतो," त्या म्हणाल्या. "आणि तुमचं काम जाईल ते वेगळंच."

मी तेच वत्सलाला मराठीत वाचून दाखवलं. 'हेही असतं आणि तेही असतं' या ओळीला तिने मान हलवली. तिच्या कागदातही तेवढंच घातलं आणि तिने मोठ्या अक्षरांत सही केली.

कोर्टाने प्रकरण ऐकायला घेतलं त्याला सात महिने लागले. तिथे साक्षी नाहीत, प्रश्नोत्तरं नाहीत, फक्त वकिलांनी बोलायचं. वत्सला आणि मी मागच्या बाकावर बसलो होतो. मी तिच्या कानात कुजबुजत होते. या खेपेला मला कोणी नेमलं नव्हतं, त्यामुळे अर्थही सांगायची मोकळीक होती.

सरकारी वकील तरुण होता आणि मोठा नम्र होता. "शब्दान् शब्द बरोबर आहे, हे दुभाषीच सांगते आहे," तो म्हणाला. "ही तक्रार भाषांतराबद्दल नाही, भाषेबद्दल आहे. शिवाय चूक होतीच, तर त्याच वेळी का नाही दाखवली?"

"जिला इंग्रजी येत नाही तिने इंग्रजीतली चूक कशी दाखवावी?" शिवनेसनबाईंनी विचारलं.

न्यायाधीश पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र वर धरलं. "एकाच शब्दात येणं आणि जाणं, दोन्ही? मला हे जरा गोंधळाचं वाटतं."

शिवनेसनबाई उत्तर द्यायला उठल्या. इतक्यात न्यायाधीशबाई स्वतःशीच पुटपुटल्यासारख्या म्हणाल्या, "काल मी माझ्या दातांच्या डॉक्टरांना निघताना 'सी यू लेटर' म्हणाले." त्या जरा थांबल्या. "त्यांना पुन्हा भेटायची मला अजिबात इच्छा नाही."

कोर्टात हशा पिकला. सरकारी वकीलही हसला आणि मग त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"काय म्हणता ती?" वत्सलाने विचारलं.

"म्हणतात, त्याही येते म्हणूनच निघतात."

वत्सला त्यांच्याकडे बघत राहिली. "मगे?" ती म्हणाली. "माणसांचीच जात ती."

तीन आठवड्यांनी निकाल आला. आधीचा निर्णय रद्द, नव्या सदस्यापुढे नव्याने सुनावणी. माझं नाव दुभाष्यांच्या यादीतून निघालं, तसं पत्र त्याच आठवड्यात आलं, त्यामुळे त्या दुसऱ्या सुनावणीला मी नव्हते. मालवणकडचेच एक निवृत्त मास्तर शिवनेसनबाईंनी शोधून काढले होते. वत्सलाला आसरा मिळाला. रकान्यात तिने काय सांगितलं, मी कधी विचारलं नाही.

त्यानंतरच्या वसंतात ती पूर्वेकडच्या किनाऱ्यावर निघाली, एका मासळीच्या कारखान्यात कामाला. मी बस स्टँडवर पोचवायला गेले. तिच्या पर्समध्ये ते आसऱ्याचं पत्र होतं. त्यात एक अट होती, की आता मायदेशी जायचं नाही, गेलात तर हा आसरा धोक्यात येईल. मी तिला ती समजावून सांगितली होती, अर्थासकट.

"आंबवेळच्या घराची किल्ली शेजारणीकडे आसा," ती म्हणाली. "तिका सांगलंय, दुपारची खळ्यात लक्ष ठेव. कोण इलो तर चाय दी."

मी तिची पिशवी तिच्या हातात दिली.

बस लागली. ती पायरी चढली आणि वळली.

"जातंय मी," ती म्हणाली.

मी दचकले. इतक्या वर्षांत मराठी माणसाच्या तोंडून हा शब्द असा, दारात उभं राहून, ऐकला नव्हता. "असं नाही म्हणू, वत्सलाताई! येते म्हणा."

"नको, बाय." ती हसली. "येतंय म्हणान गेलेलो एक अजून येवचो आसा. तो येयपर्यंत मी कोणाक तसा म्हणूचंय नाय."

दार बंद झालं. खिडकीशी बसून तिने हात हलवला. तिला ऐकू जाणार नव्हतं, पण मी काचेकडे बघून म्हणाले, "या."